यादीत नसलेला पियानो

"ऐकलंस?" पुढच्या खोलीतून वेल्मा ओरडली.

हार्लनने काहीही ऐकले नव्हते. नेमक्या त्याच क्षणी त्याने लिंडक्विस्टांच्या संडासात फ्लश दाबला होता, आणि त्या घरातला फ्लश मालकाच्या ऐपतीला शोभेल असा गडगडत असे.

"काय?"

"काही नाही. चालू दे तुझं."

त्याने बेसिनचा नळ सोडला, मनात तीस आकडे मोजले आणि बंद केला. मग बाथटबचा. यादीत तसेच लिहिले होते. ही यादी प्लास्टिकमध्ये मढवून फ्रिजवर माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली लावलेली होती: संडास दोन, नळ पाच, दर मंगळवारी, एसी अठ्ठ्याहत्तर फॅरनहाइटवर आहे ना ते बघणे. या वाळवंटात दहा दिवस नळ सोडला नाही की मोरीच्या नळीतले वळण कोरडे पडते आणि गटारातली झुरळे वर येऊन सोफ्यावर बसतात. म्हणून एप्रिल संपता संपता थंडीपुरती आलेली बर्फपाखरे, म्हणजे उत्तरेकडची पैसेवाली म्हातारी मंडळी, घरांना कुलपे लावून उत्तरेकडे उडाली की वस्तीतल्या अकरा घरांच्या किल्ल्या हार्लनच्या कमरेला लागत. चौतीस वर्षे त्याने नेब्रास्कात धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला होता. ट्रक भरलेला आत, रिकामा बाहेर. निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या संडासात पाणी सोडणे ही पदावनती आहे असे त्याला कधी वाटले नाही. इथे निदान वजनावरून कोणी हुज्जत घालत नसे.

शिवाय उन्हाळा त्यांचा होता. युमाकडच्या त्या वस्तीत पंचावन्नच्या खालच्यांना राहायला मनाई, आणि जूननंतर शहाण्यांनाही. उरलेल्या पंधरावीस जणांत वेल्मा आणि हार्लन राजाराणीसारखी राहत. पहाटे साडेचारला फिरायला जायचे, कारण सहाला उशीर झालेला असे. घरातला पाण्याचा हीटर बंद करून टाकायचा. मग गरम नळाला गार पाणी येई आणि गार नळाला चहा करता येईल असे. सकाळी पोहण्याचा तलाव, दुपारी फ्रीजरमधली गोठलेली द्राक्षे, गुरुवारी किराणा दुकानात गोठवलेल्या मटारांसमोर अर्धा तास उभे राहून काहीही न घेणे. एकशे चौदा डिग्री. एवढा ताप माणसाला आला असता तर पाद्र्याला बोलवावे लागले असते. इथे नुसती टोपी घालत.

आणि मंगळवार म्हणजे पियानो.

नेब्रास्काहून येताना वेल्माने आपला पियानो विकला होता. या फिरत्या म्हणवणाऱ्या आणि कधीच न फिरणाऱ्या घरात एक तर पियानो मावला असता नाहीतर हार्लन, आणि तिने बराच विचार करून हार्लन ठेवला, असे ती सांगे. तिची सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात झाली. संगीत तिचे तिनेच शिकलेले. लोकांसमोर ती कधी वाजवत नसे. लिंडक्विस्टांच्या घरी मात्र काळा, लांबलचक, पायांत पितळी चाके असलेला पियानो होता. त्याला उष्मा सोसत नाही म्हणून ते घर सबंध उन्हाळा अठ्ठ्याहत्तरवर गार ठेवलेले असे. वेल्मा आणि हार्लन स्वतःच्या घरी पंच्याऐंशीवर राहत. त्यांना तडे जाण्याची भीती नव्हती.

तिचा एकच वॉल्ट्झ होता. अकराव्या मात्रेनंतर डावा हात उजव्यावरून पलीकडे न्यायचा असे, आणि तो हात गेली पन्नास वर्षे तिथे अडखळत होता. अडखळला की ती स्वतःलाच म्हणे, "पुन्हा पहिल्यापासून, गाढवे!" आणि पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकायची परवानगी एकट्या हार्लनला होती, तीही तिच्याकडे पाठ करून. कधी रंगात आला तर तो संडासाचा ब्रश खांद्याशी धरून दारातल्या दारात दोन गिरक्या घेई.

निघताना ती सगळीकडे फडके मारी. हे यादीत नव्हते; ते पियानोचे भाडे, असे ती म्हणे. पुस्तकांच्या फळीवर एक पांढरी वाटोळी डबी होती. खोलीला वास देणारी असावी. तिच्यावर धूळ फार बसे. वेल्मा तोंड अगदी जवळ नेऊन "हाः" करून ती पुसत असे.

बाहेर गाडीचे स्टिअरिंग तव्यासारखे तापलेले. वेल्माच्या मांडीवर भट्टीतून ट्रे काढायचे जाडजूड हातमोजे तयारच असत.

"घ्या डॉक्टर."

"पेशंट कुठाय?"

"पेशंट गेला. तुम्ही चालवा गाडी."

बारा उन्हाळे हाच विनोद. त्या दिवशी ती जरा जास्तच हसली, आणि हार्लनला ते उशिरा आठवले.

बुधवारी त्याच्या फोनवर लिंडक्विस्टांचा व्हिडिओ आला. नुसता त्याला नव्हे, वस्तीच्या सगळ्या मंडळींच्या पानावर. गॉर्डन लिंडक्विस्ट मिनेसोटातला निवृत्त दंतवैद्य होता, आणि लोकांनी तोंड उघडावे ही त्याची जुनी आवड. पाचसहा मंगळवार कापून जोडलेली चार मिनिटे. वेल्मा अडखळते: पुन्हा पहिल्यापासून, गाढवे! पुन्हा अडखळते: गाढवे! सात वेळा. मध्येच हार्लन ब्रशबरोबर नाचतो. शेवटी वेल्माचे तोंड मोठे मोठे होत सगळा पडदा व्यापते, "हाः" करते, आणि फडके येऊन अंधार होतो. खाली गॉर्डनने लिहिले होते: 'इकडे मिनेसोटात तळ्यावर आम्ही सगळे दर मंगळवारी यांची वाट बघतो! टीव्हीपेक्षा सरस!' त्याखाली बदामांची रांग. गोड जोडपे. असे म्हातारपण हवे.

हार्लनने तो सात वेळा पाहिला. पहिल्यांदा कानाच्या पाळ्या तापल्या. तिसऱ्यांदा आपली गिरकी बरी जमलीय असे वाटले. उभ्या आयुष्यात त्याला कोणी सरस म्हटले नव्हते. वजन बरोबर आले तर लोक नुसते निघून जात. सातव्यांदा त्याने खाली एक उभा अंगठा उमटवला. वेल्माला योग्य वेळी सांगू, असे त्याने ठरवले. योग्य वेळ ही युमातल्या पावसासारखी होती. दिसायची, पोचायची नाही.

शुक्रवारी सकाळी तलावात सहा जण होते. पाणी सूपसारखे कोमट. वेल्मा शिडीवरून उतरताना तिचा पाय एका पायरीवरून निसटला, आणि टोपी घालून तरंगणारी विधवा फ्रान्सीन मोठ्याने म्हणाली,

"पुन्हा पहिल्यापासून, गाढवे!"

सगळे हसले. वेल्माही हसली, अर्धा क्षण, सवयीने. मग शिडी धरून तशीच थांबली.

"हे कुठं ऐकलंस तू?"

"अगं, म्हणजे काय! तू तर फेमस झालीयस. माझी बहीण ओहायोत सारखं हेच म्हणते आता." फ्रान्सीन हार्लनकडे वळली. "हिला दाखवलं नाहीस होय रे?"

हार्लनने डुबकी मारली. खाली छान होते. माणसाला श्वास घ्यावा लागतो ही एकच अडचण होती.

दुपारी वेल्मा कलिंगड कापत होती. फ्रान्सीनच्या फोनवर तिने काठावर उभ्या उभ्या सगळे पाहिले होते. ओल्या कपड्यांनी, शेवटच्या 'हाः'पर्यंत.

"तुझा अंगठा आहे तिथं," ती म्हणाली.

"कुठं?"

"खाली. हार्लन स्टूकी. अंगठा वर."

"लोकांना आवडलं, वेल्मा. एकानं वाईट शब्द नाही लिहिला. गोड म्हणाले सगळे."

"गोड कुत्र्याच्या पिल्लाला म्हणतात. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे." सुरी खाली आली, वर गेली. "तू हसलास?"

खोटे बोलता आले असते. पण वजनकाट्यावर चौतीस वर्षे घालवलेल्या माणसाला ऐन वेळी आकडा फिरवता येत नाही.

"थोडं."

"कशाला? वाजवण्याला की तोंडाला?"

"ते तू जवळ येऊन हाः करतेस ना, तेव्हा…"

"बरं."

तिने एक फोड बशीत ठेवली, बशी त्याच्याकडे सरकवली. बिया काढलेल्या होत्या. तेवढे तिने रागातही सोडले नव्हते.

"मागल्या मंगळवारी माझा हात पलीकडे गेला," ती म्हणाली. "न अडखळता. शेवटपर्यंत वाजवलं मी."

हार्लनला लिंडक्विस्टांचा गडगडणारा फ्लश आठवला. ऐकलंस? काय? काही नाही, चालू दे तुझं.

"मग ते का नाही त्यात?"

"त्यात हसण्यासारखं काय होतं?" ती म्हणाली आणि कापायच्या फळीवरचा रस पुसू लागली.

मंगळवारी ती बरोबर आली, पण घरात आली नाही. लिंडक्विस्टांच्या मोटारछपराखाली, ताडपत्रीने झाकलेल्या त्यांच्या होडीशेजारी, खुर्ची उघडून बसली. तिथल्या सावलीत एकशे दहा होते. "किल्लीवाल्या बायकांनी बाहेरच बसायचं असतं," एवढेच म्हणाली.

हार्लन टोपी न काढता आत गेला. गारवा तोच होता आणि पहिल्यांदाच त्याला तो चोरीचा वाटला. संडास दोन. नळ पाच. प्रत्येकी तीस. एसी अठ्ठ्याहत्तर. तो पुढच्या खोलीत आला तशी फळीवरच्या पांढऱ्या डबीतला, म्हणजे कॅमेऱ्यातला, दिवा निळा झाला.

"हार्लन! दोस्ता!" डबीतून गॉर्डनचा आवाज आला. मागे माणसांचा गलका, ग्लासांची किणकिण. "वेल्मा कुठंय? आम्ही सगळे बसलोय इथं. शेजारीही आलेत!"

हार्लनने टोपी नीट केली.

"गॉर्डन, मागचा मंगळवार. त्या दिवसाचं सगळं आहे का तुझ्याकडे?"

"म्हणजे?"

"सगळं. शेवटपर्यंत तिनं वाजवलेलं. मला तेवढं पाठव. बाकीचं नको."

"अरे, गमतीचं होतं तेवढं काढून घेतलं मी. उरलेलं पाच दिवसांनी आपोआप पुसलं जातं. का रे? काही होतं का त्यात?"

हार्लनने पियानोकडे पाहिले. झाकणावर आठवड्याची धूळ जमली होती, कोणी पुसली नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "तसं काही नव्हतं."

"मग बोलव ना तिला! रागावली की काय? सांग तिला, आमचा जीव आहे तिच्यावर. एकदा वाजवू दे!"

"यादीत पियानो नाहीये, गॉर्डन."

गलका थांबला. मग तिथे कोणीतरी फिसकन हसले. पुढच्या महिन्यात ओहायोतही हे वाक्य म्हणतील, हे हार्लनला तेवढ्यात कळून चुकले. त्याने दार ओढून घेतले आणि कुलूप दोनदा ओढून पाहिले.

"झालं?" वेल्माने विचारले.

"झालं."

तिने खुर्ची मिटली. दोघे रस्त्यावरच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले. हातमोजे आज तिच्या मांडीवर नव्हते. तिने ते स्वतःच्या हातांत घातले होते, कोपरापर्यंत ओढून, आणि ते दोन जाड निळे पंजे मांडीवर शेजारी शेजारी ठेवून ती समोर बघत होती.

हार्लनने गाडी सुरू केली. हातमोजे मागितले असते तर तिने दिले असते. त्याने मागितले नाहीत. त्याने उघड्या हातांनी स्टिअरिंग धरले, घट्ट, आणि पुढच्या घराच्या यादीकडे निघाला.