कामिनीच्या डोक्यामागचा वाघ

मी एक जुना वाघ आहे, मित्रांनो. खरा नाही, कागदाचा. पण हसायचं काम नाही. खऱ्या वाघाला मी इतक्या जवळून पाहिलं आहे की तसं तुम्हांला कधी पाहावं लागू नये.

माझा जन्म नाकाडोंगरीकडच्या एका गावात झाला. ललिताबाईंच्या चुलीजवळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल घेऊन, नाना सोंगं करून गावभर फिरतात. ललिताबाईंच्या नातीला, उर्वशीला, वाघ व्हायचं होतं. तिची आई कामिनी सासूला म्हणाली, "आई, तुमसरच्या बाजारात प्लास्टिकचा भेटते. आणून देऊ का?"

"तो वाघ हाये का सर्दी झालेलं मांजर?" ललिताबाई कडाडल्या. "विकतचा कायले? माह्या हाताले लकवा भरला का वं?"

झालं. त्यांनी एक मडकं पालथं घातलं. कागद चिकटून बसू नये म्हणून त्यावर राखेचा हात फिरवला. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे तांदळाच्या खळीत भिजवले आणि थरावर थर चढवले. दिवस पावसाळी, म्हणून मला चुलीच्या उबेला वाळवलं. मग मडक्यावरून सोडवून डोळ्यांची भोकं पाडली. कान बिस्किटाच्या पुठ्ठ्याचे, मिशा झाडूच्या काड्यांच्या, दात भोपळ्याच्या बियांचे. हळद खळीत कालवून अंगाला रंग दिला आणि तव्याच्या काजळीनं पट्टे ओढले. पट्टा ओढताना ललिताबाई जीभ दातांत धरत आणि कोणाला श्वास मोठा घेऊ देत नसत.

काय माझा थाट सांगू! उर्वशीनं मला तोंडाला बांधलं आणि अंगणात उडी मारली. खुंट्याला शेळी बांधलेली होती. तिनं मला पाहिलं मात्र, खुंटा उपटून ती जी पळाली ती थेट बोडीच्या पाळीवर, गावतळ्याच्या बांधावर, जाऊन थांबली. सारी गल्ली हसली. ललिताबाई हसल्या नाहीत.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "माणसाले कळो न कळो, जनावर ओळखते."

मित्रांनो, त्या एका शेळीनं पुढचा सारा घोळ केला.

पोळा सरला आणि मी खिळ्याला टांगला गेलो. कौतुकाचं आयुष्य आमच्या जातीला एवढंच. झुरळांनी खळीच्या वासानं माझी हनुवटी कुरतडली. दोन दात गळाले. धुरानं हळदीचा रंग मळला. उर्वशीसुद्धा मान वर करून बघेना.

मग होळी झाली आणि जंगलात मोहाची फुलं गळू लागली. त्या साली जंगलातून एक वाघ गावाच्या अंगाला आला होता. बोडीच्या चिखलात सकाळी त्याचे पंजे दिसत. आधी एक कुत्रं गेलं. मग एक गोऱ्हा गेला. मग पलीकडच्या गावचा एक माणूस मोह वेचायला गेला, आणि त्याची टोपली तेवढी परत आली.

जंगलवाले सांगून गेले, एकट्यानं जाऊ नका, घोळक्यानं जा, बोलत जा. पण मोह काही वाघाला विचारून गळत नाही. वेचला नाही तर हरणं, डुकरं खाऊन जातात. बाया जातच राहिल्या. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की कुठंकुठं माणसं डोक्यामागे मुखवटा बांधतात. वाघ पाठीवर येतो; मागेही तोंड दिसलं की तो बिचकतो.

ललिताबाईंनी ऐकलं आणि मला खिळ्यावरून काढलं. डोळ्यांच्या भोकांत सोड्याच्या बाटल्यांची चकचकीत झाकणं बसवली. नवे दात लावले. जुन्या नाडीनं मला कामिनीच्या डोक्यामागे करकचून बांधलं.

बायांना निमित्तच झालं. शेजारची मंदाबाई म्हणाली, "काय वं कामिनी, आता तुह्या पाठीमागं काही बोलाची सोय नाही राहिली!"

"बोल ना," कामिनी म्हणाली, "तो चावत नाही. सासूनं बनवला, म्हणून फक्त डाफरते."

हसत, बडबडत त्या मोह वेचत. वाघ आला नाही. ललिताबाईंनी त्याचं सारं श्रेय मला दिलं, आणि मीही ते घेतलं. कोण सोडतो? गावात त्यांचा पाय जमिनीला लागेना.

एके सकाळी गावात लग्नाची हळद होती. एकही बाई निघाली नाही. कामिनी रिकामी टोपली घेऊन दारात उभी राहिली.

"आई, आज कोणीच नाही येऊन राहिलं. मी बी राहू देतो."

"कोणी कायले पाहिजे? वाघ हाये ना तुह्या संग! आज साऱ्या झाडाखाली तूच एकटी, टोपली भरून येशील."

"मले भेव वाटते, आई."

"शेळीनं खुंटा उपटला होता याले पाहून. इसरली का? जा."

कामिनी गेली.

आमचं मोहाचं झाड जंगलाच्या तोंडाशी आहे. फुलं दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळलेला, जमीन काळी, आणि त्या काळ्यावर पिवळी फुलं. काळ्या जमिनीपलीकडे वाळलेलं उंच गवत. कुठंतरी मोर ओरडत होता.

"पाहून राहिला ना रे मागं?" कामिनीनं मला विचारलं आणि ती वाकली.

ती वाकली आणि मला आभाळ दिसलं.

फक्त आभाळ आणि मोहाच्या फांद्या. मागचं काही नाही. बायांच्या घोळक्यात मला ते कधी जाणवलंच नव्हतं. तिथं इतके डोळे होते, इतकी तोंडं होती. आज कळलं. मोह वाकूनच वेचावा लागतो, आणि माणूस वाकलं की माझे सोड्याचे डोळे ढगांना भीती घालत बसतात.

ती कंबर धरून ताठ झाली. मला गवत दिसलं. वाऱ्यानं सारं गवत डोलत होतं. एका जागचं डोलत नव्हतं.

ती वाकली. आभाळ.

ती उठली. मोर गप्प झाला होता. ती न डोलणारी जागा अलीकडे आली होती.

ओरडावं म्हटलं, तर माझ्या तोंडात भोपळ्याच्या बिया. कामिनी फुलं वेचत होती, झाड उदार झालं होतं, टोपली भरत आली होती. ती पुन्हा वाकली आणि या वेळी उठेचना. वाकल्या वाकल्याच पुढं सरकत राहिली.

तिकडं घरी ललिताबाई अंगण सारवत होत्या. पुढं त्यांनीच मंदाबाईला सांगितलं म्हणून मला ठाऊक. शेणाचा हात फिरवता फिरवता थांबला. आपण कशा वाकून बसलो आहोत, मान कुठं आहे, डोक्याची मागची बाजू कुठं आहे, हे त्यांना कळलं. शेणाचे हात तसेच. त्यांनी पितळी थाळी उचलली, पळी उचलली आणि हळदीच्या मांडवासमोरून त्या ठणाणा वाजवत धावत सुटल्या.

आधी थाळी ऐकू आली. मग आवाज.

"कामिनीऽऽ! उभी राय! वाकू नोको! ताठ उभी राय!"

कामिनी ताठ उभी राहिली. आणि मी त्याला पाहिलं.

काळ्या जमिनीच्या कडेला, पोट भुईला टेकून. बैलगाडीच्या जुवापासून चाकापर्यंत असतं तेवढ्याच अंतरावर. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं, मित्रांनो. घाबरून नाही. नको ती वस्तू वाटेत आली म्हणजे आपण पाहतो, तसं. मग कान थाळीकडे वळवले. थाळी जवळ येत होती, शिव्या जवळ येत होत्या. तो उठला आणि गवतात शिरला. पळाला नाही. चालत गेला.

ललिताबाई आल्या त्या धापा टाकत. गवत हलताना त्यांना दिसलं. त्या एवढंच म्हणाल्या, "टोपली राहू दे. मागं पाहू नोको. चाल."

कामिनीच्या पदराचं टोक त्यांनी थाळीबरोबरच मुठीत धरलं आणि तिच्याकडे पाठ केली. अशा उलट्या पावलांनी, जंगलाकडे तोंड करून, थाळी वाजवत, वाघाच्या सात पिढ्या उद्धारत, ती म्हातारी घरापर्यंत चालली. वाटभर मला दिसत होता तो फक्त तिचा पांढरा अंबाडा. माझी जागा तिनं घेतली होती.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. बाया घोळक्यानं जातात, आणि गुडघे दुखत असूनही ललिताबाई रोज जातात. वेचत काही नाहीत. जंगलाकडे तोंड करून बसतात आणि मोठ्यानं बोलत राहतात.

मित्रांनो, मुखवटे जरूर करा. घरात कागद असतो, खळ असते, हळद असते. सोंग आणा, नाचा, शेळ्या पळवा. पण ज्या कामाला माणूस लागतं, तिथं मुखवट्याला पाठवू नका.

वाघ अजून तिकडेच आहे. मोह अजून गळतो आहे. उद्या तुमच्या घरातलं कोणी टोपली उचलून एकटं निघालं, तर माझ्या खिळ्याकडे हात नेऊ नका. आधी आपल्या पायांत चपला घाला.