आठ गुणिले तीस

“आता किती दिसतात?” डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन लांब धरून विचारलं.

“दोन,” बायको म्हणाली.

“एक डोळा झाका. आता?”

“एकच.”

शेजारी बसलेला नवरा घाईने म्हणाला, “मॅडम, ते दुर्बिणीमुळे झालं असेल. हिला पक्षी बघताना दोन-दोन दिसायचे. मी दुर्बीण नीट केली. आता तिच्यातून एकच दिसतो.”

“तुम्ही काय करता?”

“दुर्बिणी दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली.”

“ही किती वेळा दुरुस्त केलीत?”

“तीनदा.”

डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढायला चिठ्ठी लिहून दिली. फोटो संध्याकाळी आला. डोळे ठणठणीत होते, पण डोळ्यांमागे गाठ होती. “आता काढण्याजोगी राहिलेली नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होता. जाळीचा एक स्क्रू पडला होता आणि जाळी खडखडत होती.

पाच महिन्यांनी ती गेली.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. त्याने दुकान उघडलं. हात आपले आपण काम करत. भिंगाला बुरशी आली असेल तर पुसत, फिरकी अडकली असेल तर सोडवत. जेवायची वेळ झाली की तो डबा उघडे, आणि वेळ संपली की बंद करी. डबा कधी रिकामा असे, कधी भरलेला.

एका गुरुवारी मेव्हणी आली.

“भावजी, मला दुर्बीण हवीय. चांगली बारापटीची द्या. रविवारी तळ्यावर पक्ष्यांची मोजणी आहे. ताई दरवेळी ज्या काठावर असायची तिथे उभं राहायला कुणी नाही. मी राहते म्हटलं.”

“बारा कशाला? पक्षी पकडून आणायचाय का?” हा विनोद तो प्रत्येक गिऱ्हाइकाला करायचा. आजही तोंडातून आपोआप निघाला.

त्याने खिडकीत तीन दुर्बिणी मांडल्या. समोरच्या पाण्याच्या टाकीवर बगळा बसला होता. मेव्हणीने आधी बारापटीची उचलली.

“अगोबाई, केवढा मोठा! पण हा नाचतोय का?”

“तो नाही, तुझा हात नाचतोय. दुर्बीण पक्ष्याला बारापट करते तशी थरथरीलाही करते.”

“आणि या दहाच्यात याच्या अंगाला जांभळी कड आलीय.”

“काच सुमार आहे. नुसता आकडा मोठा. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.”

मग तिने आठपटीची डोळ्यांना लावली. “लहान दिसतो,” ती म्हणाली, “पण डोळासुद्धा दिसतोय हो याचा.”

“तुझ्या ताईची आठ गुणिले तीस होती. आठपट, आणि पुढचं भिंग तीस मिलिमीटरचं. मी दहाची देत होतो तर म्हणाली, मला पक्षी मोठा नको, सगळा हवा.”

“मग तीच द्या की.” तो नको म्हणेपर्यंत तिने खुंटीवरची काढलीही. “भावजी, यात दोन बगळे आहेत.”

“हो.”

“बिघडलीय?”

“बिघडलेली नाही. मी तशी लावलीय.”

त्याने सगळं सांगितलं. रोज भिंगात बघणाऱ्याचे डोळे लबाड होतात. दोन नळ्यांत थोडी फारकत असली तरी ते दोन चित्रं ओढून एक करतात. म्हणून त्याला नीट दिसलं तरी त्याने बायकोच्याच डोळ्यांवर भरवसा ठेवला आणि स्क्रू फिरवला. दोन महिन्यांनी पुन्हा, आणखी दोन महिन्यांनी पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याला स्वतःलाच दोन टाक्या दिसल्या, तेव्हा त्याने आपला चष्मा बदलून घेतला.

मेव्हणी स्टुलावर बसली. “एवढे एकतीस वर्षांचे कारागीर तुम्ही. चार महिने दुर्बीण उघडत बसलात, आणि ताईला डॉक्टरकडे न्यायचं सुचलं नाही?”

“नाही सुचलं.”

“चार महिने आधी नेलं असतं तर वाचली असती का?”

“माहीत नाही.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?”

“मी विचारलं नाही.”

मग मेव्हणीने नाक पुसलं. “ही मला रविवारी लागेल,” ती म्हणाली. “विचारा त्यांना, भावजी. नाहीतर सगळा जन्म स्वतःलाच विचारत बसाल.”

शनिवारी सकाळी त्याने दुर्बीण शिकंज्यात धरली आणि तिच्यावरचं कातडं अलगद सोलून बाजूला केलं. आतल्या लोलकांना दोन बारीक स्क्रू होते. तो एका हाताने स्क्रू फिरवत, टाकीकडे बघत राहिला. दोन टाक्या एकमेकींकडे सरकू लागल्या. मध्ये बोटभर आकाश उरलं, मग रेघभर. मग टाकी एक झाली. आता या दुर्बिणीतून कुणालाही नीट दिसलं असतं. बायको असती तर तिला दोन दिसल्या असत्या.

काम दहा मिनिटांचं होतं. कातडं चिकटवून त्याने दुर्बीण डब्यात ठेवली. दुपारी मेव्हणी येऊन घेऊन गेली. रविवारच्या मोजणीत तिच्या काठावर एकशे बारा पक्षी भरले.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुकानापासून दोन चौक पुढे आहे. सोमवार ते शनिवार उघडा असतो. त्यांना विचारायचं अजून राहिलं आहे.