गवताखालचं तळं

आमच्या साओ टोमे बेटावरचं ते तळं पाहून आम्ही वाट दाखवत आणलेले पाहुणे आधी हिरमुसतात, कारण पाणी कुठे दिसतच नाही. विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड, भोवती धुक्यातलं रान आणि मधे सपाट हिरवं गवत. पाणी त्या गवताच्या खाली, आणि ते किती खोल आहे ते कुणालाच ठाऊक नाही. माझा नवरा आदेरितो गवतावर जाऊन उड्या मारतो, पाहुण्यांच्या पायाखालची जमीन डुलते आणि सकाळपासूनची चढण वसूल होते.

वर त्याने एक सोंग रचलंय. ठरल्या जागी तो मांडीपर्यंत रुततो. खाली एक आडवा ओंडका आहे, त्यावर तो उभा असतो. तो ओरडतो, "नेल्सा, बुडालो गं." मी काठावरून म्हणायचं, "बुडू दे मेल्याला. आजचा माशाचा रस्सा मला एकटीला पुरेल." मग तो विचारतो, "आणि तुझ्या आईशी भांडणार कोण?" पाहुणे पोट धरून हसतात.

त्या दिवशी लिस्बनहून सुट्टीला आलेला वाल्देमार होता आणि त्याची म्हातारी आई, दोना फिरमिना. मुळात आमच्याच बेटाची माणसं. वाल्देमारने या सोंगाचा व्हिडिओ कुणाकडे तरी पाहिला होता. वाटभर माझ्यामागे भुणभुण, "वहिनी, ते बुडणं कधी?"

आदेरितो गवतावर गेला, उड्या मारल्या आणि रुतला. "नेल्सा, बुडालो गं."

"बुडू दे मेल्याला," मी म्हणाले. "आजचा रस्सा मला एकटीला पुरेल."

वाल्देमार फोन धरून हसत होता. आदेरितोकडून माझ्या आईशी भांडण्याचं वाक्य काही येईना. गवत आदेरितोच्या कमरेला लागलं, मग छातीला. एरवी तो हे सगळं पाहुण्यांकडे बघत करतो. आता तो कुणाकडेच बघत नव्हता, दोन्ही हातांनी गवत उपटत होता.

"नेल्सा," तो हळूच म्हणाला. "ओंडका नाहीये."

मी पाठीवरची पिशवी काढली आणि गवतावर पालथी पडून सरपटत निघाले. पिशवीचा पट्टा त्याच्याकडे फेकला. त्याने तो धरला आणि मीच त्याच्याकडे ओढली जाऊ लागले. कोपराखालून काळं, थंड पाणी वर येत होतं.

"माझे पाय धरा," मी ओरडले. "हे खरं आहे. तो खरंच बुडतोय."

"व्हिडिओत हे नव्हतं," वाल्देमार खूश होऊन म्हणाला. "वहिनी, तुम्ही तर त्यांच्या वरताण."

मी रडले, त्याला शिव्या दिल्या. जेवढी ओरडले तेवढा तो हसला. आदेरितोच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. पट्टा सोडला तर मी वाचणार होते, आणि हे माझ्या हातांना माझ्याआधी कळलं होतं. बोटं सैल पडत होती. ती मी दातओठ खाऊन पुन्हा आवळली.

तेवढ्यात माझ्या घोट्यांवर कुणीतरी धपकन पडलं.

"वाल्देमार," दोना फिरमिना माझ्या पायांवरून खेकसली, "फेक तो फोन, गाढवा. सोंगात कुणी मुततं का? हिची विजार बघ."

मग तो आला. त्याने आईचे पाय धरले, आईने माझे. आम्ही ओढत राहिलो. गवत फाटलं, पुन्हा ओढलं, आणि कधीतरी आदेरितो छातीपर्यंत वर आला, मग गुडघ्यापर्यंत. काठावर पोचल्यावर तो बराच वेळ चिखल ओकत होता. वाल्देमार तोंड झाकून बसला होता.

उतरताना आदेरितोने माझं मनगट सोडलं नाही. पाहुणे पुढे गेल्यावर तो म्हणाला, "ते रश्शाचं म्हणालीस ना, ते ऐकलं मी."

"रोजच तर ऐकतोस."

"रोज माझे पाय टेकलेले असतात."