उपरण्याखालची तीन बोटं

काष्टीच्या बैलबाजारात सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं पडतं, आत बोटं बोटांशी बोलतात, आणि भोवतालची माणसं नुसती तोंडं बघत राहतात. सहादेवचं उभं आयुष्य त्या उपरण्याच्या सावलीत गेलेलं. तो म्हणायचा, "तोंड खोटं बोलंल, बोट न्हाई बोलायचं."

बाहत्तर साली वैरण संपली. सहादेवच्या दावणीला दोन बैल, ढवळ्या आणि राजा. दोघंही उपाशी मरण्यापेक्षा एक तरी जगावा म्हणून त्यानं राजाला बाजारात नेलं. कोल्हारच्या उत्तमराव व्यापाऱ्याच्या मळ्यात प्रवरेच्या पाण्यावर अजून हिरवा घास होता. बाजारात जो तो गुरं चाऱ्यावर ठेवायला जागा शोधत होता; सगळेच मागं लागू नयेत म्हणून उत्तमरावांनी गुपचूप उपरणं टाकलं आणि सहादेवची तीन बोटं आवळली. तीन महिने राजानं मळ्यात राबायचं, चारा खायचा, मग घरी यायचं.

निघताना उत्तमराव म्हणाले, "दादा, वाटेत नाक्यावर गुरं अडवत्यात. बैल न्यायच्या ह्या दाखल्यावर अंगठा दे."

बोटं दिल्यावर अंगठ्याचं ते काय! सहादेवनं दिला.

तीन महिने गेले. राजा आला नाही, निरोप आला: विकत घेतलेला बैल परत कसा मागतोस? दाखला विक्रीचा होता. किंमत रोख पोचली, असंही त्यावर लिहिलेलं.

एका बैलावर नांगर चालत नाही. सहादेवची बायको गोजरबाई पहाटे जात्यावर बसली की ढवळ्याकडं बघत गायची,

माझ्या गं दारात, एका दावणीला दोन
एकाचं रितं जू, त्याला सांगंल गं कोण

शेवटी सहादेव तालुक्याला आप्पासाहेब वकिलांकडं गेला. आप्पासाहेबांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "तोंडचा करारही करारच असतो, सहादेव. पण इथं कागद आहे. कागदाविरुद्ध तोंडचं चालत नाही. फसवून अंगठा घेतला म्हणावं, तर ते शाबीत करावं लागेल. पाहिलं कुणी?"

"कुनी बघू नये म्हनूनच उपरणं असतं की, साहेब!"

आप्पासाहेबांनी दाखला घडी घालून ठेवला आणि दावा लावला.

पुढच्या साली सुनावणी झाली. जज्जसाहेब शहरातले. बोटांची भाषा त्यांना कळेना. सहादेव हात जोडून म्हणाला, "सायेब, उत्तमरावांचा हात माझ्या हातात द्या. उपरण्याखाली मी इचारतो. त्यो व्यापारी हाय, तिथं खोटं बोलायचा न्हाई."

साहेबांना कुतूहल वाटलं. त्यांनी मान हलवली. उत्तमराव कुरकुरत पुढं आले. सहादेवनं खांद्यावरचं मळकं उपरणं हातांवर टाकलं आणि उत्तमरावांच्या तळव्यावर बोट दाबलं. किती महिने?

उपरण्याखाली उत्तमरावांच्या बोटांनी सहादेवची बोटं चाचपली. एक, दोन, तीन. आवळली. घट्ट, खऱ्या व्यापाऱ्यासारखी.

सहादेवचे डोळे भरून आले. "तीन! सायेब, तीन म्हनला!"

"काय हो उत्तमराव?" साहेबांनी विचारलं.

उत्तमराव सहादेवच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "म्हाताऱ्यानं नुसता हात धरून ठेवला, साहेब. माझी बोटं जागची हलली न्हाईत."

साहेबांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. आप्पासाहेबांनी खाली, आपल्या कागदांकडं. तोंडानं बोललेलं तेवढं लिहून घेतलं गेलं.

दावा फेटाळला गेला.

पुढच्या बाजारी सहादेवनं ढवळ्याला विकायला उभं केलं. ओळखीचा व्यापारी सूर्यभान आला, उपरणं झटकून त्यानं हात पुढं केला. सहादेवनं ते उपरणं हिसकून मातीत टाकलं.

"तोंडानं सांग! साऱ्या बाजारानं ऐकलं पायजे!"

बाजार हसला. "म्हातारं बिघडलं जनू," कुणीतरी म्हणालं. सूर्यभान चिडला. त्यानं उपरणं उचललं, झाडलं आणि पुढच्या दावणीकडं गेला. त्याच्यामागून दुसरा आला, तोही तसाच गेला. उघड्यावर सौदा करणारा त्या बाजारात एकही नव्हता.

ऊन कलेपर्यंत सहादेव कासरा धरून उभा होता. मग ढवळ्याला घेऊन तो घराकडं निघाला. तीन बोटं आवळलेला उजवा हात त्यानं बंडीच्या खिशात खोल खुपसला होता, पार घरी पोचेपर्यंत.