एका माणसाचा भात

नगरला इंटरनेट नुकतंच आलं होतं. नागापूरच्या एमआयडीसीतल्या ज्या मोजक्या कारखान्यांत ते पोचलं, त्यातल्या एकाच्या ऑफिसात महेंद्र टायपिंगला होता. मालकाला परदेशी ऑर्डरींची आशा होती. ऑर्डरी काही येत नव्हत्या, पण जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर महेंद्रच्या ताब्यात यायचा.

सुट्टीत बाकीची मंडळी लिंबाखाली गोल करून डबे सोडायची. सुरुवातीला महेंद्रही त्यांच्यात बसला. मग एकाने सहज आडनाव विचारलं आणि त्याने सांगितलं. आपली माणसं तोंडावर कशाला वाईट बोलतील? फक्त दुसऱ्या दिवसापासून भाजीची वाटी त्याच्याकडे सरकेना आणि त्या गोलात जागा पुरेना. गावी, कोल्हारला, त्याची आई दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा आधी "जेवलास का बाबा?" म्हणायची. इथे त्याला तेवढं विचारणारंही कोणी नव्हतं. फार राग आला त्याला. तो राग गिळून तो डबा घेऊन ऑफिसात बसू लागला.

तिथेच त्याने इंटरनेटवर एक फुकटचं पान उघडलं. कोणीही प्रश्न विचारावा, ज्याला येतं त्याने उत्तर द्यावं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. नियम एकच: आडनाव विचारायचं नाही. त्याला वाटलं, आता माणसांची रीघ लागेल. रीघ कसली! चिटपाखरू फिरकेना. रिकाम्या हॉटेलात कोण शिरतं? म्हणून त्याने स्वतःच गिऱ्हाइकं बसवली. गोरक्ष होऊन विचारलं, सायकलची चेन सारखी का उतरते? सूर्यभान होऊन उत्तर दिलं. गोजरबाई होऊन लोणच्यावर लिहिलं आणि सुमंत होऊन गोजरबाईंशी भांडलासुद्धा! पान भराभर वाढलं. उत्तरंही खोटी नसायची. चार ठिकाणी चौकशी करून मगच तो लिहायचा. त्या चौघांचा त्याला चक्क लळा लागला. पण एक खरं माणूस यावं म्हणून तो रोज डोळे लावून बसायचा आणि डबा बाजूला तसाच पडून राहायचा.

आणि एक दिवस खरा प्रश्न आला. भारती, मूळची कर्जतची, पुण्यात नोकरीला, खोली घेऊन एकटी राहणारी. तिने लिहिलं होतं, "घरी मोठ्या खटल्याचा सैपाक करून हात बसलाय. एका मानसाचा भात किती लावायचा? रोज उरतो. उरलेला बघून लई रडू येतं."

महेंद्र लगेच उत्तर लिहायला बसला. एकच उत्तर दिलं तर तिला जागा ओसाड वाटेल, पुन्हा येणार नाही. म्हणून त्याने सगळ्यांना कामाला लावलं. गोजरबाईंनी वाटीचं माप दिलं. सूर्यभानने मुठीचं दिलं. गोरक्ष म्हणाला, पातेलंच लहान घे. सुमंत म्हणाला, भात सोड, भाकरी थाप. एवढ्या गर्दीत ती रमेल असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होताच त्याने पान उघडलं. तिचं उत्तर आलेलं होतं.

"चौघांनी सांगितलं, बरं वाटलं. पन चौघांनीबी आधी 'जेवलीस का?' विचारलंय. असं कुठं कोन विचारतं? इथं तर कोनच न्हाई. मी रागावनार न्हाई, खरं सांगा. तिथं तुमी एकटेच हाय ना?"

महेंद्रने वर जाऊन चारही उत्तरं तपासली. आईचं वाक्य चौघांच्याही तोंडी कधी आलं, त्याला कळलंही नव्हतं. आता खरं सांगितलं तर एवढी मांडलेली माणसं एका फटक्यात मरणार, आणि आलेली ही एकही निघून जाणार. भांडायला सुमंत पटाईत. महेंद्रने त्याच्या नावाने लिहायला घेतलं, "काय बोलता बाई, आम्ही इथे चांगले..."

तेवढ्यात खाली तिची आणखी एक ओळ दिसली.

"आन् तुमी जेवलात का?"

बाहेर लिंबाखाली कोणीतरी मोठ्याने हसलं. महेंद्रने ती ओळ पुन्हा वाचली. सुमंतचं वाक्य पुसलं. पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने आणि घरच्या बोलीत त्याने लिहिलं:

"मी महेंद्र. व्हय, एकटाच हाय. न्हाई जेवलो अजून."

पाठवून दिलं. ती पुन्हा येईल की नाही, कोण जाणे. त्याने डबा पुढे ओढला. भाकरी गार होऊन वातड झाली होती. पण त्या दिवशी तो जेवला.