अर्जदार हाजिर

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर ऐकू यायचे नाही, कारण आजची गोष्ट एका बसलेल्या घशाची आहे. सौदागराचे सरकार झाले, ते याच घशाला पुकारावे लागले.

घसा एका म्हाताऱ्या चोपदाराचा. दरबाराला दारे दोन. आतल्या दाराने राजा येई, तेव्हा चोपदार पुकारी, "धनी आले!" बाहेरच्या दाराने कोणीही येवो, "अर्जदार हाजिर!" टोपीकर सौदागर पहिल्यांदा आले ते बाहेरच्याच दाराने, टोप्या हातात घेऊन. बंदरावर माल ठेवायला हातभर जागा द्या म्हणाले. मग मालाला भिंत हवी झाली, भिंतीला तोफ, तोफेला फौज.

तरी खरी वाट लावली ती भाऊबंदकीने. थोरले राजे गेले आणि दोघे मुलगे गादीसाठी भिडले. धाकट्याने टोपीकरांची फौज मदतीला बोलावली. थोरला रणात पडला, धाकटा गादीवर बसला, पण फौज काही परत जाईना. तिच्या खर्चापोटी बंदर गेले, मग शेतसारा, शेवटी आतल्या दाराची किल्लीसुद्धा.

एके सकाळी चोपदाराला ताकीद मिळाली. यापुढे आतल्या दाराने टोपीकरांच्या वखारीचा साहेब येईल आणि बाहेरच्या दाराने राजा. पुकारा चुकला तर काठी ठेवायची आणि राहती खोली सोडायची. खोलीत बायको अंथरुणाला खिळलेली.

"शब्दच तर बदलायचाय," ती म्हणाली. "जीभ काय झिजणार आहे तुमची?"

"झिजायची नाही गं. तिला वळण पडलंय."

साहेब येऊन उंच आसनावर बसला. बाहेरचे दार उघडले, उंबऱ्यात धाकटे राजे दिसले, आणि चोपदाराच्या तोंडून जन्माच्या सवयीने निघून गेले, "धनी आले!"

कारकून ताडकन उभे राहिले. साहेबही अर्धा उठला. इतकी वर्षे अर्जदार म्हणून आलेला, गुडघ्यांना सवय होतीच. मग लालबुंद होऊन खाली बसला.

राजाने साहेबाकडे पाहिले, मग चोपदाराकडे. लहानपणी याच म्हाताऱ्याच्या खांद्यावर तो दरबारभर फिरला होता.

"चुकलं, काका," तो हळूच म्हणाला. "काकू आजारी आहेत ना? पुन्हा म्हणा. अर्जदार."

चोपदाराने काठी आपटली. "अर्जदार... हाजिर." पुढच्या रांगेपलीकडे काही पोचले नाही.

खोलीवर आला तशी बायकोने विचारले, "राहिलं ना काम?"

"राहिलं."

"मग असे का बसलात?"

"दमलोय."

त्यानंतर त्याचा आवाज कधी वर चढला नाही. बाबांनो, वरच्याच्या दारात आपण सगळेच अर्जदार. तिथे हात जोडाल, तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.