बोटभर मशीन

"अहो, हळू. ते काय रुळाचं लोखंड आहे?"

फोरमननी कानस थांबवली, हातातल्या तुकड्यावर फुंकर मारली आणि भिंगाआडून बायकोकडे पाहिलं. भिंगात तिचं नाक तेवढं मोठं दिसलं. राग नेहमीसारखाच कुठे दिसला नाही.

"लोखंड असतं तर एव्हाना तुझं अख्खं घर उभं केलं असतं," ते म्हणाले.

"म्हणून तर लोखंडाचं आणलं नाही."

कारखान्यात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यावर अख्खी शेड गप्प व्हायची, त्यांना निवृत्तीनंतर घरात उलट्या दिशेने बढत्या मिळत गेल्या होत्या आणि सध्या ते कानसवाल्याच्या हुद्द्यावर होते. टेबल बाईंचं, नियमही बाईंचे. बाहुलीघराचं सामान किटमधून यायचं: व्हाइट मेटलचे, म्हणजे कथलाच्या जातीच्या मऊ धातूचे, नखाएवढे तुकडे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्रत्येक तुकड्यावर एक बारीक रेष उठलेली असते. ती घासून काढायची, एवढंच खातं फोरमनकडे. जोडणी आणि रंग बाईंनी स्वतःकडे ठेवले होते.

घरही काही परीकथेतलं नव्हतं. आधी दोघं राहायची तीच खोली बाईंनी उभी केली होती. फळकुटाच्या भिंती, लाल फरशी, पलंग, स्टोव्ह, दाराआडचा आरसा, सगळं जागच्या जागी बसलं होतं. उरलं होतं ते खिडकीखालचं शिलाई मशीन. खऱ्या मशीनवर बाईंनी निम्म्या गल्लीचे कपडे शिवले होते, आणि कारखान्याला टाळं लागलं त्या दिवसांत घरही त्याच मशीनने ओढलं होतं. पुढे या नव्या जागेत येताना फोरमननी ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. "आता काय कमी आहे आपल्याला? कशाला ती अडगळ?" बाई काही बोलल्या नाहीत, आणि ते गप्प बसणं फोरमननी संमती म्हणून जमा करून टाकलं. आयुष्यभर ते असंच जमा करत आले होते. तपासनीस कधी आला नव्हता, म्हणून हिशेब चोख.

मशीनचं किट मिळता मिळत नव्हतं. बनवणाऱ्याने साचाच मोडीत काढला होता. कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेलं एक अखेर हाताला लागलं, तेव्हा बाईंनी खोकं दोन्ही हातांनी धरून आणलं.

"हे परत मिळायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त घासा. जोडणार मी."

हे 'फक्त' फोरमनना लागलं. खिडकीखाली नेमकं मशीनच का हवंय हे न कळण्याइतके ते मठ्ठ नव्हते. उशिरा कळण्याइतके होते. हे एक काम तरी आपल्या नावावर लागावं, असं त्यांना फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई धाकट्या बहिणीबरोबर चष्म्याचा नंबर काढायला गेल्या, आणि फोरमन टेबलाशी बसले. दोन नळ्यांतला गोंद एकत्र कालवून जोडायचं, असं बाईंचं शास्त्र. फोरमनच्या मते चिकटवलेली वस्तू म्हणजे पाहुणा. आज आहे, उद्या उठून जाईल. मशीन कसं पक्कं हवं. त्यांनी माळ्यावरून धातू तापवून सांधायची सोल्डरगन काढली, खाली पत्रा घेतला आणि मशीनचा जाळीदार पाय चिमट्यात धरला.

उष्णता किती चढली हे ते रंगावरून ओळखत. लोखंड सांगून वागतं. आधी जांभळट होतं, मग लाल, मग नारिंगी. तोंडावर शिव्या देणाऱ्या माणसासारखं, पोटात काही ठेवत नाही. फोरमननी गनचं टोक टेकवलं आणि रंगाची वाट पाहिली. पाय पांढरा होता तसाच पांढरा राहिला. अजून चढली नाही, म्हणून त्यांनी टोक तसंच दाबून धरलं. तेवढ्यात, काही न सांगता, जाळी खाली बसली. वेलबुट्टी गेली, पाय गेला, त्याच्याबरोबर चाकाची अर्धी कडही गेली. पत्र्यावर एक चकचकीत थेंब उरला.

थेंब निवेपर्यंत फोरमन त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिडक्या उघडल्या.

"कसला वास गं ताई?" दारातूनच मेहुणीने नाक वर केलं. "भावजी, दूध जाळलंत की काय?"

"तुझ्या बहिणीच्या घरात मला दुधाजवळ जाऊ देतात का?"

"बरोबर आहे. विमा कुठे काढलाय घराचा."

बाई टेबलाशी गेल्या होत्या. "याचा एक पाय दिसत नाही."

"खोक्यातच नसेल," फोरमन म्हणाले. "हल्ली कंपन्या एक तुकडा कमीच घालतात."

"असेल," बाई म्हणाल्या.

मेहुणी हसायच्या बेतात होती. बहिणीचं तोंड पाहून पिशवी उचलून घरी निघाली. दार लागलं, आणि फोरमनच्या लक्षात आलं की तो पाय कालच त्यांनी बाईंच्या समोर बसून घासला होता. इतकं कच्चं खोटं बोलणाऱ्या पोऱ्याला त्यांनी कामावरून घरी पाठवलं असतं. बाई मात्र ब्रश पुसत होत्या. हे गप्प बसणं त्यांच्या ओळखीचं होतं. हातगाडी निघाली तेव्हाचं.

त्यांनी खिशातून थेंब काढून टेबलावर ठेवला.

"लाल होईल म्हणून वाट बघत होतो."

"ते लाल होत नाही."

"आधी सांगायचंस ना."

"विचारलंत कधी?"

फोरमननी खाकरून पाहिलं. इथे त्याने कोणी गप्प होण्यासारखं नव्हतं. आधीच सगळं गप्प होतं.

"तेव्हाही विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मशीन देताना."

"हवं होतं."

'असू दे' वगैरे पुढे काही आलं नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग सोडून दिली.

"दुसरं शोधू. मी शोधतो."

"नको."

बाईंनी उरलेले तुकडे खोक्यात भरले, झाकण लावलं. मग फरशीच्या लाल रंगाची बाटली उघडून त्यात थोडा पांढरा कालवला आणि खिडकीखाली ब्रश टेकवला.

"हे काय करतेस?"

"मशीन गेल्यावर तिथली फरशी उजळ राहिली होती. चौकोन पडला होता. तुम्ही सामानाच्या टेम्पोवाल्याशी भांडत होतात, तुम्हाला नसेल दिसला."

फोरमन खाली वाकले. बराच वेळ त्या वीतभर खोलीत बघत राहिले.

"तिथे नव्हता," ते म्हणाले. "अजून भिंतीकडे घे. खिडकीच्या बरोबर मध्यावरही नव्हता, डावीकडे होता. उजेड उजव्या हातावर यावा म्हणून तू सरकवून घेतलं होतंस. आणि मागे खुर्चीच्या दोन रेघा होत्या. उठताना तू पायाने मागे ढकलायचीस."

बाईंनी ब्रश थांबवला. नव्या नंबराचा चष्मा अजून यायचा होता. जुन्याच्या काचेवरून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग चौकोन ओल्या फडक्याने पुसला आणि भिंतीकडे, डावीकडे सरकवून पुन्हा भरला. कडा सुकल्यावर सगळ्यात बारीक ब्रश धुतला, टोक ओठांनी जुळवलं आणि फोरमनपुढे धरला.

"रेघा तुम्ही काढा," त्या म्हणाल्या. "हळू."

फोरमननी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. बाईंनी दिवा जवळ ओढला. खिडकीखाली रिकामा चौकोन उजळ दिसत होता, आणि श्वास रोखून ते त्याच्या मागे, ढकललेल्या खुर्चीची पहिली रेघ ओढत होते.